नातवाच्या डोक्यातली फणी

चनमल्लप्पामामांचं आणि खोबरेल तेलाचं उभं वैर. आमच्या दवाखान्यात पट्टी काढायला येणारं प्रत्येक पोर डोकं चपचपीत करूनच यायचं. मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचंय तर पोर नीटनेटकं दिसावं, असं आईला वाटायचं. मग ती वाटीभर तेल जिरवायची, भांग पाडायची आणि पोराला एस. टी.त बसवायची. आम्ही चिठ्ठीवर लाल शाईनं ‘डोके धुऊन आणणे, तेल लावू नये’ असं लिहून द्यायचो, त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मामा पोराच्या केसांत दोन बोटं घालायचे, ती आईच्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, “बाई, पोरगं तळायला आणलंय का पट्टी काढायला?” मग स्वतःच त्याला मागच्या मोरीत नेऊन रिठ्यानं खसखसून डोकं धुवायचे.

पट्टी म्हणजे मेंदूत जी बारीकशी वीज खेळत असते तिचा आलेख. टेपनं मोजून डोक्यावर खुणा करायच्या, खुणांवर धातूच्या एकवीस इवल्या वाट्या चिकटवायच्या, प्रत्येक वाटीला एक वायर. पूर्वी यंत्रातून हातभर रुंद कागद सुळसुळत बाहेर यायचा, म्हणून लोक त्याला पट्टी म्हणतात. आता सगळं पडद्यावर दिसतं, तरी नाव तेच राहिलं. सोलापुरात ज्याला फीट येते, ज्याचं डोकं दुखतं, जो झोपेत चालतो, त्याला कधी ना कधी मामांच्या हाताखालून जावं लागलेलं आहे.

मी त्या दवाखान्यात बावीस वर्षं टायपिस्ट आहे. नंबर लावते, रिपोर्ट टाइप करते आणि बोलते. माझ्या जिभेला हाड नाही हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. पुढं त्याचा संबंध येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

मामा मूळचे अक्कलकोटकडचे. दहावी होऊन वॉर्डबॉय म्हणून लागले होते. त्यांच्या हाताची नजाकत बघून आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सहा महिने मिरजेला शिकायला पाठवलं आणि ते यंत्रावर बसले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पांढऱ्या कोटाच्या खिशात टेप. मला ‘तंगी’ म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. रडणारं पोर त्यांच्या हातात दोन मिनिटांत शांत व्हायचं. माणूस सोन्यासारखा. पण सोन्यासारख्या माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट चुकीची बसली, तर ती काढायला कुणी धजत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी माढ्याकडच्या एका खेड्यातला रामहरी नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा डोकेदुखीसाठी आला होता. पट्टी काढता काढता त्याला पेंग आली आणि कानामागच्या वायरींवर सेकंदभर एक नक्षी उमटली, फणीच्या दातांसारखी. मोठे डॉक्टर शेजारीच उभे होते. पेन्सिलीचं टोक ठेवून ते म्हणाले, “चनमल्लप्पा, ही बघ. जुन्या पुस्तकांत लिहिलंय, वाईट मार्गाला लागलेल्या पोरांत ही फार सापडते.” ते पुढंही काही सांगणार होते, पण तेवढ्यात बाहेर कुणाला तरी झटका आला आणि ते पळाले. राहिलेलं वाक्य राहूनच गेलं. मामांनी नंतर कधी विचारलं नाही आणि डॉक्टरांना आठवलं नाही.

दोन वर्षांनी पेपरात बातमी आली. बांधाच्या भांडणात रामहरीनं चुलतभावाच्या मानेवर कोयता घातला होता. मामांनी ते कात्रण त्याच्या पट्टीला टाचलं आणि यंत्राच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिलं.

तेव्हापासून फणी दिसली की मामा मला खुणेनं बोलवायचे. “तंगी, हितं ये. बघ.” वायरींच्या जंजाळात एखादं पोर तोंड उघडं टाकून झोपलेलं असायचं आणि मामा त्याच्याकडं असे बघायचे, की माझ्या अंगावर काटा यायचा. पण खरं सांगते, त्यात मजाही वाटायची. चहाच्या वेळी मीच सगळ्यांना सांगायची, आज मामांना अजून एक गुंड सापडला म्हणून.

एकदा मी चिडून विचारलं, “मामा, आजवर किती पोरांत दिसली ही?”

“असतील चाळीस-पन्नास.”

“आणि त्यातल्या किती जणांनी खून केले?”

“एकानं. मला म्हायती तेवढा एकच.”

“मग बाकीच्यांचं काय?”

मामा शांतपणे म्हणाले, “बाकीच्यांचं अजून झालं न्हाय.”

बाकीची पोरं कुठं कंडक्टर झाली असतील, कुठं मास्तर झाली असतील. कंडक्टर झाल्याची बातमी पेपरात येत नाही, म्हणून त्यांचं कात्रणही मामांच्या कपाटात आलं नाही.

आमच्या दवाखान्याची आणखी एक रीत सांगायला हवी. मोठे डॉक्टर वाईट बातमी घरच्यांच्या हातात देत नसत. मी दोन रिपोर्ट टाइप करायची. एक फाईलला, खरा. दुसरा घरच्यांना द्यायला, त्यात ‘विशेष काही नाही’ असं लिहिलेलं. खरं काय ते घरातल्या एखाद्या खंबीर माणसाला बाजूला घेऊन सांगायचं. ते बाजूला घेण्याचं काम पुष्कळदा मामांकडं असायचं. बाकीच्यांना पायऱ्यांवर उभं राहून ‘काळजी करू नका, साधं हाय’ असं म्हणताना मी त्यांना शेकडो वेळा ऐकलंय. मोठे डॉक्टर करोनात गेले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर उदयसिंहांनी पहिल्याच आठवड्यात ही रीत बंद केली. “रिपोर्ट एकच निघेल, जो आहे तोच,” असं त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. मामांनी मान डोलावली. असल्या रीती सांगून बंद होत नसतात, असं त्यांना मनातून वाटत असणार.

मामांच्या घरी तिघंच. बायको मागंच वारली. मुलगी शिवबाई विधवा होऊन चार वर्षांच्या मंजुनाथला घेऊन माहेरी आली, ती तिथंच राहिली. पहाटे चारला उठून ती कडक भाकऱ्या थापते आणि बाळीवेशीतल्या दोन दुकानांना घालते. मंजुनाथ आता पंधरा वर्षांचा आहे. वर्षभरात ताडासारखा वाढलेला, आवाज फुटलेला, पायांत दहा नंबरचे बूट, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याला जगात एकच नाद होता, काठीचा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या निघतात. कमरेच्या चामडी पट्ट्यावर बुंधा टेकवून, पार आभाळात गेलेली ती काठी एकट्यानं तोलायची असते. त्यासाठी गल्लीगल्लीत दोन-तीन महिने आधी सराव चालतो. मामांनी स्वतः तरुणपणी सात वर्षं काठी धरली होती. पोर दहा वर्षांचं असताना त्यांनीच त्याला हाताला धरून सराव घेणाऱ्या गुरुशांतकडं नेलं होतं. पहिली तीन वर्षं नुसतं काठीला तोलासाठी बांधलेली दोरी धरायचं काम, मग लहानांची हलकी काठी. यंदा मोठ्या काठीला हात लावायला देईन, असं गुरुशांतनं कबूल केलं होतं.

गेल्या जूनमध्ये शाळेच्या प्रार्थनेला मंजुनाथ चक्कर येऊन पडला. सोलापूरचा जून, पोटात काही नाही, त्यात तासभर उन्हात उभं केलेलं. पडल्यावर हात जरा थरथरले, असं मास्तर म्हणाले. तेवढ्यावर शिवबाई घाबरली आणि त्याला दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टर उदयसिंहांनी तपासलं आणि खात्रीसाठी झोपेतली पट्टी काढायला सांगितली. त्यासाठी आदल्या रात्री पोराला जागवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी नातवाचं डोकं स्वतः धुतलं, स्वतः पुसलं, खुणा केल्या. “अज्जा, गुदगुल्या होतेत,” असं तो म्हणत होता आणि मामा हसत होते. मी दारातून बघत होते. त्यांना हसताना मी शेवटचं बघितलं ते तेव्हा.

वीस मिनिटांनी पोराला पेंग आली. मी फाईल द्यायला आत गेले तर मामा पडद्याकडं बघत उभे होते. मला त्यांनी खुणेनं बोलवलं नाही. मी जवळ गेले आणि मला दिसली. इतक्या वर्षांत ओळखायला शिकले होतेच की. फणी होती. एकदा नाही, पाच-सहा वेळा.

डॉक्टर उदयसिंहांनी पट्टी बघितली आणि सरळ सांगितलं, “मामा, सगळं नॉर्मल आहे. फीट वगैरे काही नाही. सकाळी खायला घालून पाठवत जा.”

“आणि ती फणी, सायेब?”

“ती वयात येणाऱ्या कितीतरी मुलांत दिसते, झोप लागताना. तिचा कशाशी संबंध नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी लोकांना वाटायचं, गुन्हेगार पोरांत ती असते म्हणून. नंतर साध्या पोरांच्या पट्ट्या तपासल्या, तर त्यांच्यातही तितकीच निघाली. विषय संपला.”

मोठ्या डॉक्टरांचं राहिलेलं वाक्य हेच असणार. ते ह्या तरुण डॉक्टरनं पुरं केलं, पण वीस वर्षं उशिरा, आणि ऐकणारा आता यंत्रामागचा माणूस राहिला नव्हता. तो घरचा माणूस झाला होता, आणि घरच्यांना आम्ही काय सांगतो हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

संध्याकाळी मामा माझ्या टेबलाशी आले. त्या दिवशी चौसष्ट पेशंट झाले होते, प्रिंटर बिघडला होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते हळूच म्हणाले, “तंगी, तू टाइप केलंस न्हवं? खरं सांग. फाईलला दुसरा रिपोर्ट हाय का?”

मी मान वर न करता म्हणाले, “असला तरी तुमाला सांगणार हाय व्हय मी?”

चेष्टा होती. तीस वर्षं इथं काढलेल्या माणसाला त्याच्याच दवाखान्यात कोण फसवणार, असं मनात होतं. मामा “व्हय, ते बी खरंच,” म्हणून गेले. मी प्रिंटरला लागले. त्या एका वाक्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पुढचं मला शिवबाईनं सांगितलं, थोडं थोडं, डबा द्यायला यायची तेव्हा. आधी घरातली विळी दिसेना. मग अडकित्ता गेला. कांदा चिरायला मामा कपाटातून सुरी काढून द्यायचे आणि चिरून झाल्यावर परत कुलपात ठेवायचे. “अप्पा, काय चाललंय हे?” असं तिनं विचारलं तर म्हणाले, “असू दे. तुला काय कळत न्हाय.” रात्री स्वतःचं अंथरूण तिच्या आणि पोराच्या मध्ये घालायला लागले. मंजुनाथ गप्प बसला की मामांना वाटायचं, काहीतरी शिजतंय. बोलला की वाटायचं, उलटून बोलतोय. वयात आलेलं पोर ह्यापैकी एक काहीतरी करणारच. त्यानं दार आपटलं, ताट सरकवलं, आईचा मोबाईल रागानं भिंतीवर मारला. पंधरा वर्षांची पोरं घरोघर हेच करतात. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं मामांना त्या प्रत्येक गोष्टीत फणी दिसायची.

दिवाळीनंतर सराव सुरू झाला. मामा स्वतः गुरुशांतकडं गेले आणि म्हणाले, “पोराला काठीला लावू नका. डोक्यात दोष हाय त्याच्या. पट्टीत निघालाय.” गुरुशांत भला माणूस, घाबरला. गर्दीत काठी पडली तर जबाबदार कोण? त्यानं दुसऱ्या दिवशी पोराला सगळ्यांसमोर परत पाठवलं. कारण सांगितलं नाही, पण कारण गल्लीत त्याच्या आधीच पोहोचलं होतं. त्यातलं थोडं माझ्या तोंडूनही गेलं असेल. मी चहाला काय काय बोलते ते मला तरी कुठं आठवतं? पोरांनी त्याला ‘करंट’ नाव ठेवलं. शाळेत बाकावर शेजारी कुणी बसेना. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

तरी तो सरावाच्या जागेजवळ जायचाच. सगळे गेल्यावर काठ्या ठेवतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच जाऊन बसायचा. हे बऱ्याच जणांनी बघितलं होतं, आणि लोक नंतर तेच सांगत सुटले.

यात्रेला आठवडा असताना, भर सकाळी, सरावात पट्टा तुटला. मोठी काठी गुरुशांतच्या मुलाच्या, रेवणसिद्धच्या कमरेवर होती. पट्टा सुटला तशी ती तिरकी कोसळली आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दोरीवाल्या पोरांनी ओढून धरली म्हणून जीव वाचला. पट्टा उचलून बघितला तर फाटल्याची रेघ सुतासारखी सरळ. कुणीतरी म्हणालं, ब्लेड मारलंय. त्यानंतर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. गुरुशांतच्या भावानं मंजुनाथला घरातून ओढून काढलं आणि गल्लीत दोन मुस्कटात मारल्या. पोलीस आले. शिवबाई पिठाच्या हातांनी आडवी झाली होती, “माझं पोर काल सांजच्याला घरात हुतं, माझ्यापाशी हुतं,” असं ओरडत होती.

आणि मामा आत गेले. कपाटाचं कुलूप काढून कागदांची गुंडाळी घेऊन बाहेर आले. यंत्रावरून त्यांनी नातवाची पट्टी छापून आणलेली होती. वर दवाखान्यातल्या कपाटातून आणलेली रामहरीची जुनी पट्टी, तिला टाचलेलं कात्रण. हवालदारासमोर दोन्ही धरून ते म्हणाले, “सायेब, मला म्हायती हुतं. जूनपासनं म्हायती हुतं. हे बघा, लेखी हाय.”

हवालदाराला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण तीस वर्षं मेंदूच्या दवाखान्यात काम केलेला सख्खा आजा स्वतःच्या नातवाविरुद्ध बोलतोय, एवढं त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी पोराला अल्पवयीन मुलांच्या मंडळासमोर उभं केलं. शिवबाईनं मला बरोबर नेलं होतं. डॉक्टर उदयसिंहांच्या सहीचा, मी टाइप केलेला रिपोर्ट माझ्या हातात होता. मी तो दिला. मंडळावरच्या बाईंनी वाचला. “नॉर्मल लिहिलंय,” त्या म्हणाल्या. मग मामांकडं बघून विचारलं, “आजोबा, पट्टी तुम्हीच काढलीत?”

“व्हय, बाईसाहेब. माज्या हातानं.”

“मुलाला घरी न्यायची जबाबदारी कोण घेतं?”

“मी घेते,” शिवबाई म्हणाली.

मामा उठून उभे राहिले. ते म्हणाले, “घरात नको. माझी लेक एकटी असती दिवसभर. आमाला भ्या वाटतंय त्याचं.”

मंजुनाथनं ते ऐकलं. तो आजोबाकडं बघत नव्हता, आईकडं बघत होता. तिला खरंच भीती वाटते का, हे शोधत होता. शिवबाई त्या वेळी बापाकडं बघत होती, म्हणून त्याला उत्तर मिळालं नाही.

निर्णय होईपर्यंत त्याला मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवलं. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत यात्रा आली आणि झाली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्त्यानं जात होती, हलग्या वाजत होत्या, आणि शिवबाई दार लावून भाकऱ्या थापत होती.

दहाव्या दिवशी पट्टा शिवून देणारा म्हातारा चांभार गावाहून परत आला. त्यानं तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, “कुणी सांगितलं ब्लेड म्हणून? ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला हुता ह्यो. शिवणीतला दोरा कुजलाय. शिवण सरळ असती, म्हणून फाटलाय बी सरळ.” गुरुशांतनंच तो पट्टा पोत्यात गुंडाळला होता. तो पडेल चेहऱ्यानं पोलिसांत गेला, मंडळासमोर गेला, सगळं सांगितलं. पोर सुटलं. गुरुशांतनं घरी येऊन शिवबाईचे पाय धरले आणि पुढच्या वर्षी मोठी काठी तूच धरायची, असं मंजुनाथला सांगितलं. तो “बरं,” म्हणाला.

मी त्याच संध्याकाळी मामांच्या घरी गेले. सांगितलं, “मामा, त्या दिवशी मी मस्करी केली हुती. दुसरा रिपोर्ट नव्हता. मोठे डॉक्टर गेल्यापासून दुसरा रिपोर्ट मी टाइपच केलेला न्हाय.” बोलता बोलता मला रडू आलं. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पायऱ्यांवर पेशंटच्या बायकांच्या पाठीवर ठेवायचे तसाच.

“चामडं कुजलं हुतं, ते खरं,” ते म्हणाले. “त्यात पोराची चूक न्हाय. पण फणी हाय ती हायच की, तंगी. आता तू बी मला सांभाळून घेतीस.”

डॉक्टर उदयसिंह आले, पुस्तक घेऊन आले, समजावून गेले. मामांनी त्यांना सरबत दिलं आणि सगळ्याला व्हय म्हटलं. कपाटाचं कुलूप मात्र अजून तसंच आहे. फेब्रुवारीत त्यांनी नोकरी सोडली. दिवसभर घरी असलेलं बरं, म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मंजुनाथ दवाखान्यात आला. शाळेचा गणवेश, हात खिशात. मी डबा पुढं केला, त्यानं घेतला नाही. बाकावर बसला. मग म्हणाला, “श्रीदेवीमावशी, त्या घरात परत जाता येतं का?”

“कुठल्या घरात?”

“जितं मला नऊ दिवस ठेवलं हुतं तितं.”

माझा घास हातातच राहिला. “तिथं स्वतःहून कोण जातं बाळा? काहीतरी गुन्हा केला तरच नेतात.”

“काही करायच्या आधी घेत न्हाईत का? आपण सांगितलं तर?”

मी उठून त्याच्याजवळ गेले. त्याला सगळं सांगितलं. फणी कितीतरी पोरांत असते, माझ्या भाच्यात होती, तो बँकेत आहे. तुझ्या डोक्यात काही नाही. अज्जांचा गैरसमज झालाय आणि तो मी वाढवलाय. जे जे खरं होतं ते सगळं सांगितलं. तो मोठ्या माणसासारखं ऐकत राहिला.

“अज्जा म्हणतेत, हितं घरच्यांना असंच सांगतेत,” तो म्हणाला. मग खाली बघत, अगदी हळू, मला समजावल्यासारखं म्हणाला, “मावशी, आई पहाटे भाकरी थापती न्हवं, तवा तिची पाठ माझ्याकडं असती. मी जागा असतो.”